भगत: अंगात येणे, दाणे पाहणे आणि दवाखाना

ज्याच्या अंगात देव येतो आणि देव अंगात असताना लोक ज्याला आपले दुखणे विचारतात, तो भगत. यातली एकच गोष्ट असून भागत नाही. यात्रेत डफाच्या तालावर कितीतरी जण घुमतात, वारे उतरले की घरी जाऊन आपापल्या कामाला लागतात. त्यांना कोणी भगत म्हणत नाही. पाला, साल, मुळ्या देणाराही भगत नव्हे. तो वैदू. देवाला अंगात घ्यायचे, त्या अवस्थेत दुसऱ्याच्या त्रासाचे कारण शोधायचे आणि त्यावर उपाय सांगायचा, हे काम गावाच्या संमतीने करणारा माणूस म्हणजे भगत.

'भक्त' या शब्दाचे हे बोलीतले रूप महाराष्ट्राच्या मोठ्या भागात चालते. वऱ्हाडात भगत किंवा जाणता म्हणतात, देशावर देवऋषी. मेळघाटातल्या कोरकूंमध्ये भूमका आणि पडियार असे दोन वेगळे मान आहेत. गडचिरोलीच्या गोंडांत पुजारी आणि भूमक, पलीकडे बस्तरमध्ये सिरहा. पालघर-ठाण्याकडचे वारली, कोकणा, कातकरी पुन्हा भगतच म्हणतात. नावे वेगळी असली तरी काम एका जातीचे आहे, आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्या कामाला 'शामान' हे नाव दिले आहे.

हा शब्द सैबेरियातील एवेंकी लोकांचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस रशियन आणि डच लेखकांच्या वृत्तांतांतून तो युरोपात पोचला. मराठी वाचकाला त्यात 'शमन' ऐकू येणे साहजिक आहे. संस्कृत 'श्रमण' शब्दाशी त्याचे नाते जोडण्याचा प्रयत्न काही विद्वानांनी केला, पण तो सर्वमान्य झालेला नाही. १९५१ मध्ये मिर्चा एलियाद यांचा फ्रेंच ग्रंथ आला आणि हा विषय जगभर चर्चेत आला. एलियाद यांच्या मते खरा शामान तो, ज्याचा आत्मा देह सोडून वरच्या किंवा खालच्या लोकात जातो आणि रुग्णाचा हरवलेला जीव शोधून आणतो. या कसोटीला मराठी भगत उतरत नाही. तो कुठे जात नाही, देवच त्याच्याकडे येतो. त्यामुळे काही अभ्यासक अंगात येण्याला शामानी परंपरेत धरत नाहीत. ही विभागणी फार ताणण्यात अर्थ नाही. व्हेरियर एल्विन यांनी १९५५ मध्ये ओडिशातील सवरा जमातीच्या धर्मावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातल्या स्त्री-पुरुष शामानांच्या अंगात पूर्वज येतात, आणि त्यांचे पाताळातल्या जोडीदाराशी लग्नही लागते. जाणे आणि येणे एकाच माणसाच्या ठायी नांदू शकते.

मालेगाव आणि भोवतालचा मुलूख

भगताचे हे काम एका मुलखात पाहू. वाशीम जिल्ह्यातले मालेगाव अकोला-वाशीम रस्त्यावर आहे. नाशिक जिल्ह्यातल्या मोठ्या मालेगावाशी गल्लत होऊ नये म्हणून जुने लोक त्याला मालेगाव जहाँगीर म्हणतात. तालुक्यातल्या शिरपूरला जैनांचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, डव्हा येथे नाथ नंगे महाराजांचे संस्थान. जिल्ह्यातच मानोरा तालुक्यात पोहरादेवी, बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. आंध या आदिवासी समाजाची वस्ती वाशीम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड या सलग पट्ट्यात आहे. उत्तरेला अकोला ओलांडले की मेळघाटाचा डोंगर आणि कोरकूंचा प्रदेश सुरू होतो. पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा. इतक्या वेगवेगळ्या श्रद्धा इतक्या जवळ असल्यामुळे एकच दुखणे घेऊन माणूस भगताकडे जातो, दर्ग्यात हाजिरी लावतो, नाथांच्या पायावर डोके ठेवतो आणि मालेगावच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरही काढतो. त्याला यात विसंगती वाटत नाही. ज्याचा गुण येईल तो देव, आणि ज्याचा गुण येईल तो डॉक्टर.

नाथपंथाचा ठसा या भागातल्या मंत्रांवर स्पष्ट दिसतो. गावातले झाडफुकीचे मंत्र संस्कृत नसतात. त्यांना शाबरी मंत्र म्हणतात. त्यांची भाषा मराठी, हिंदी आणि कशातच न बसणारे शब्द यांची मिसळ असते, आणि शेवटी गोरक्षनाथाची किंवा गुरूची आण घातलेली असते. मालू कवीने १८१९ मध्ये रचलेल्या 'नवनाथ भक्तिसार' या ओवीबद्ध ग्रंथाने नाथांच्या मंत्रसामर्थ्याच्या कथा घरोघर नेल्या. वैदिक पौरोहित्याच्या बाहेर राहिलेल्या समाजांना त्यातून स्वतःचा मंत्रवारसा मिळाला.

भगत कसा होतो

कोरकूंमधला भूमका बहुधा वंशपरंपरेने होतो. तो गावाचा पुजारी. मुठवा या गावदेवाची पूजा, पेरणीआधीचे आणि कापणीनंतरचे विधी ही त्याची जबाबदारी. पडियाराची निवड मात्र देव करतो, अशी समजूत आहे. कोरकूंवर अनेक वर्षे काम करून स्टीफन फुक्स यांनी १९८८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात हा भेद आला आहे. एक गावाच्या वतीने देवाकडे जातो, दुसऱ्याच्या तोंडून देव गावाशी बोलतो.

देवाने निवडलेल्या माणसाची कहाणी सैबेरियापासून सह्याद्रीपर्यंत जवळपास एकसारखी असते. आधी दीर्घ आजार येतो किंवा विचित्र स्वप्ने पडू लागतात. अन्न जात नाही, माणूस रानात एकटा भटकतो, घरचे घाबरतात. मग जुना भगत सांगतो, हे वेड नव्हे, देवाला याच्या अंगात यायचे आहे, याला वाट करून द्या. शिकवणी सुरू होते. देवांची नावे पाठ करायची, कोणता देव कोणत्या तालावर येतो ते ओळखायचे, येणारे वारे सोसायचे, आणि मुख्य म्हणजे ते उतरवायला शिकायचे. वाटेल तेव्हा अंगात येणारा आणि थांबवता न येणारा माणूस रोगी मानला जातो. बोलावल्यावर येणारा आणि काम झाल्यावर जाणारा देव ज्याच्याकडे आहे, तो भगत. हा फरक गावाला नेमका कळतो. आधुनिक मनोविकारशास्त्राच्या वर्गीकरणातही हीच रेघ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात बाधेच्या तंद्रीचा विकार नोंदलेला आहे, पण त्या समाजाच्या रूढ धार्मिक आचारात बसणारी आणि त्रास न देणारी अवस्था त्यातून वगळली आहे.

स्त्रियांच्या अंगात येण्याची बाजू थोडी वेगळी आहे. मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुइस यांनी १९७१ मध्ये असे मांडले की समाजात ज्यांना बोलायची मुभा नसते, त्यांना देव किंवा भूत अंगात आल्यावर बोलता येते. त्यांची उदाहरणे प्रामुख्याने आफ्रिकेतली होती, पण मराठी घराला ती सहज लागू पडतात. एरवी सासऱ्यासमोर पदर न ढळू देणारी सून नवरात्रात देवी अंगात आल्यावर त्याच सासऱ्याला एकेरी नावाने हाक मारते. घरात माझा मान राहत नाही, असे ती खडसावते, आणि तो तिच्या पायावर डोके ठेवतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चुलीपाशी असते. पण जे बोलायचे ते चारचौघांत बोलून झालेले असते, आणि देवीचे बोलणे असल्याने त्याचा डूख धरता येत नाही.

दाणे पाहणे

भगताच्या कामाचा गाभा निदानात आहे. त्याची पद्धत गावोगावी बदलते, पण एक सर्वसाधारण चित्र असे. तिन्हीसांज उलटलेली असते. देव्हाऱ्यासमोर दिवा, उदाचा धूर. भगतासमोर सूप, सुपात मूठभर ज्वारी किंवा तांदूळ. हे धान्य रुग्णाच्या घरचे असते. कित्येकदा ते रुग्णाच्या अंगावरून ओवाळून, फडक्यात बांधून आणलेले असते. रुग्ण स्वतः न आला तरी चालते, धान्य आले म्हणजे तो आला. भगत चिमटीने दाणे उचलतो, सुपाच्या मोकळ्या बाजूला ठेवतो आणि बोटाने दोन-दोन दाणे सरकवत मोजतो. जोड्या लागल्या की एक अर्थ, एक दाणा उरला की दुसरा. प्रत्येक चिमटीबरोबर एक नाव घेतले जाते. शेतातला म्हसोबा? विहिरीवरच्या आसरा? मुंजा? कुळातला कोणी न जेवता गेलेला? नवस राहिला आहे?

याच वेळी तो विचारतही असतो. 'पोराले कवापासून असं होऊन राह्यलं?' 'त्याच्या आधी कुठी गेलता?' 'घरात कोणाचं भांडण?' आई सांगते, आजी दुरुस्त करते, चुलता मध्येच वाटणीचा विषय काढतो. दाणे पडत राहतात. तासाभरात घरातल्या अशा कितीतरी गोष्टी दिव्याच्या उजेडात येतात, ज्या एरवी महिनोन्महिने कोणी कोणाजवळ काढत नाही. मग ढोल किंवा डाक वाजू लागते, भगताचे अंग थरथरते, मान घुमते आणि आवाज बदलतो. देव बोलतो. तो बहुधा त्याच गोष्टी बोलतो ज्या घरच्यांनी नुकत्याच सांगितलेल्या असतात, पण आता त्या आरोप म्हणून येत नाहीत. देवाचा हुकूम म्हणून येतात. भावाने भावाच्या घरी जेवायला जावे. राहिलेला नवस दोघांनी मिळून फेडावा. त्याबरोबर लिंबू, नारळ, उतारा, अंगारा.

यात फसवणूक किती आणि श्रद्धा किती, हा प्रश्न जुना आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्युटल जमातीतल्या क्वेसालिड नावाच्या माणसाची हकीकत फ्रान्झ बोआस यांनी नोंदवली, आणि क्लोद लेव्ही-स्त्रॉस यांनी ती प्रसिद्ध केली. शामानांची लबाडी उघडी पाडायची म्हणून क्वेसालिड त्यांची विद्या शिकला. तोंडात लपवलेला पिसांचा बोळा रक्ताने माखून रोग म्हणून बाहेर काढायचा, ही हातचलाखी त्याला समजली. पण त्याच्या हातून रुग्ण बरे होऊ लागले. तो थोर शामान म्हणून गाजला आणि लबाडी उघडी पाडणे राहून गेले. लेव्ही-स्त्रॉस यांचे म्हणणे असे की उपाय तिघांच्या विश्वासावर उभा असतो: करणाऱ्याचा, घेणाऱ्याचा आणि भोवती बसलेल्या गावाचा. दाणे पाहण्याच्या बैठकीत हा तिसरा विश्वास सर्वांत बळकट असतो.

पान लागणे

रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही, म्हणून साप चावण्याला 'पान लागणे' म्हणतात. विष उतरवण्यासाठी म्हटल्या जाणाऱ्या गीतांना वऱ्हाडात बारी म्हणतात. रुग्णाला बसते ठेवून, त्याला झोप लागू न देता, ढोलाच्या साथीने रात्रभर बाऱ्या म्हटल्या जातात. नागपंचमीला त्या उत्सव म्हणूनही म्हणतात. लोकसाहित्य म्हणून बारी मोलाची आहे. उपचार म्हणून ती जीव घेते.

बारीवरचा विश्वास मूर्खपणातून आलेला नाही, अनुभवातून आला आहे, आणि तो अनुभव कसा तयार होतो हे समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात आढळणाऱ्या सापांच्या जातींपैकी बहुतेक बिनविषारी आहेत. माणसाच्या जिवावर उठणारे प्रमुख चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. विषारी साप चावला तरी प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. म्हणजे भगताकडे आलेल्यांतले बरेच जण काहीही न करता वाचणारच होते. ते वाचतात आणि श्रेय बारीला जाते. जो मरतो त्याच्याबद्दल सांगतात की उशिरा आणला, किंवा वाटेत कोणी विटाळ केला. पिढ्यान्‌पिढ्या हिशेब असाच लिहिला गेला, तर बारीच्या बाजूला यशच दिसणार.

मण्यारीचा प्रकार तर भगताच्या निदानाला सर्वांत फसवणारा. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, घसा दुखतो, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते, बाहेरची बाधा झाली. भगताच्या दारात गेलेले दोन तास या माणसाला परत मिळत नाहीत, कारण पापण्यांनंतर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. घोणशीच्या दंशात वेगळेच घडते, रक्त गोठेनासे होते. ते ओळखायची चाचणी कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात होते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष अंगात भिनले आहे, प्रतिविषाची लस सुरू करायची. सुपातल्या दाण्यांना जे सांगता येत नाही, ते ही नळी सांगते.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुसंख्य मृत्यू खेड्यांत आणि दवाखान्याबाहेर झाले. विंचवाच्या बाबतीत महाराष्ट्राकडे उलट, आशेची गोष्ट आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास करून प्राझोसिन हे औषध वापरात आणले. एकेकाळी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांमागे ४० पर्यंत जाणारे मृत्यू त्यानंतर एकाच्या आसपास आले. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकांचे दुकान कोणत्याही भाषणाने इतके बसले नसते, जितके या साध्या गोळीने बसले.

उलट दिशेचाही एक दाखला आहे आणि तो तितकाच महत्त्वाचा. सर्पगंधेचे मूळ या देशात वेडावर आणि सर्पदंशावर पिढ्यान्‌पिढ्या दिले जात होते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहून ते उच्च रक्तदाबावर गुणकारी असल्याचे दाखवले. १९५२ मध्ये त्यातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले आणि ते जगभर वापरले गेले. सर्पदंशावर सर्पगंधेचा उपयोग नाही, रक्तदाबावर आणि मनाच्या प्रक्षोभावर आहे. जंगलातले ज्ञान असेच तपासून घ्यावे लागते. त्यातले काही खरे निघते, काही निघत नाही, आणि न तपासता दोन्ही सारखेच दिसतात. कुड्याची साल आवेवर देणारा भूमका बरोबर असतो. तोच भूमका घोणशीच्या दंशावर मंत्र टाकतो तेव्हा चुकतो.

मनाचे दुखणे आणि सैलानी

शरीराच्या आजारात निकाल स्पष्ट आहे. मनाच्या आजारात तो तितका सरळ नाही. होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानीच्या यात्रेत सर्व धर्मांचे लोक येतात. नारळांची होळी पेटते, अंगावरून उतरवलेले कपडे आणि लिंबे-बिब्बे तिच्यात टाकले जातात. किंचाळणारी, केस मोकळे सोडून घुमणारी, कबरीकडे पाहून वाद घालणारी माणसे आणि त्यांना धरून बसलेले थकलेले नातेवाईक तिथे दिसतात. हे नातेवाईक अडाणी म्हणून तिथे आलेले नसतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मालेगावच्या माणसाला त्यातले जवळचे नागपूर, तेही दोनशे किलोमीटरहून दूर. दर्गा जवळ आहे. तिथे कोणी वेडा म्हणत नाही, आणि शेजारी आपल्यासारखेच घर बसलेले असते.

पण याच श्रद्धास्थानांच्या आवारात माणसे साखळीने बांधली गेली आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांत जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ ने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. गुजरातच्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात वेगळा मार्ग काढला गेला, 'दवा आणि दुआ' या नावाने. दुआ करणाऱ्या मुजावरांनाच आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले, आणि दर्ग्यातच मानसोपचारतज्ज्ञ बसू लागला. दोरा बांधून घेतलेला माणूस त्याच आवारात गोळी घेऊ लागला. सैलानीसारख्या ठिकाणी हीच वाट सर्वांत व्यवहार्य आहे. लोकांना तिथून हाकलून मानसिक आरोग्य सुधारणार नाही, ती माणसे फक्त दिसेनाशी होतील.

काळी बाजू आणि कायदा

भगताच्या निदानात 'का' या प्रश्नाचे उत्तर असते, आणि तिथेच धोका दडलेला आहे. कारण म्हणून मुंजा किंवा म्हसोबा निघाला तर एक नारळ फुटतो. कारण म्हणून शेजारची बाई निघाली तर तिचे आयुष्य उद्ध्वस्त होते. नंदुरबार-धुळ्याच्या भिल्ल पट्ट्यात डाकीण ठरवलेल्या स्त्रियांना मारहाण, बहिष्कार, कधी मृत्यू सोसावा लागला. ठरवलेली बाई बहुधा विधवा, एकटी, किंवा जमिनीची वाटेकरी असते, हे लक्षात घेतले म्हणजे दाण्यांचा कौल कुठल्या वाऱ्याने फिरतो ते कळते. मे २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला जाळून मारण्यात आले.

मेळघाटातली डंबा देण्याची चालही अशीच. बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने किंवा सळईने पोटावर चटके द्यायचे. हे काम भूमकाच करतो असे नाही, घरातली वा गावातली म्हातारी बाईही करते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात २२ दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिल्याचे उघड झाले. मायेने केलेली ही क्रूरता आहे. म्हणूनच ती केवळ दंड करून थांबत नाही, आणि म्हणूनच ती खपवूनही घेता येत नाही.

नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि पुढची अनेक वर्षे जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत १२ प्रकार आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे हा गुन्हा आहे. एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेणे, अंगात संचार झाल्याचे भासवून धमकावणे, आणि साप, कुत्रा, विंचू चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र टाकणे, हेही गुन्हेच. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, घरातली किंवा दर्ग्यातली प्रार्थना मात्र कायद्याने स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे. ही रेघ योग्य जागी आहे. अंगात येणे हा गुन्हा नाही, त्या जोरावर कोणाला इजा करणे, लुबाडणे किंवा उपचारापासून अडवणे हा गुन्हा आहे. गावातल्या अनेक भगतांना ही रेघ कोणी समजावून सांगितलेली नाही, हे काम अजून बाकी आहे.

आजचे स्थान

शहरांत शामान नव्या रूपात आला आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांनी १९८० मध्ये लिहिलेल्या पुस्तकानंतर ढोलाच्या तालावर तंद्री लावण्याची शिबिरे जगभर सुरू झाली, आणि पुण्या-मुंबईतही ती शुल्क भरून करता येतात. त्यातून एखाद्याला स्वस्थता मिळत असेल. पण भगताच्या परंपरेतली सर्वांत मोलाची वस्तू तिथे नसते. ती म्हणजे सोबत बसलेले गाव, भांडलेला भाऊ आणि फेडायचा राहिलेला नवस. माणूस एकटा येतो आणि एकटाच परत जातो.

परंपरेचा खरा उपयोग गावातच होऊ शकतो, आणि त्याची उदाहरणे विदर्भात आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दवाखाना उभारताना आदिवासींना विचारले, तो कसा असावा. त्यातून मोठ्या इमारतीऐवजी त्यांच्या वस्तीसारख्या झोपड्यांचा दवाखाना झाला, आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. देवीच्या दारात औषध घ्यायला कोणाला संकोच वाटत नाही. मेळघाटात आरोग्य यंत्रणेने भूमकांच्या बैठका घेऊन त्यांना गंभीर रुग्ण ओळखून दवाखान्यात पाठवण्याच्या कामात ओढण्याचे प्रयत्न केले आहेत. पाड्यावर पहिली हाक भूमकालाच जाते, त्यामुळे त्याने 'आधी दवाखाना' म्हटले तर ते ऐकले जाते. त्याचा मान काढून घेऊन हे साधत नाही. मान ठेवूनच साधते.

मालेगावच्या भगताकडेही ही पत आहे. वाशीमला ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो, दवाखाना पूर्वीपेक्षा जवळ आला आहे. उरलेले अंतर विश्वासाचे आहे आणि ते तोडायला भगताइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. त्याने एवढे सांगावे: पान लागलेल्या माणसाला चालवू नये, जखम कापू नये, आवळून दोरी बांधू नये, दंशाचा हात किंवा पाय हलू न देता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. मनाचे दुखणे असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसा किंवा रात्री, मराठीत, विनामूल्य बोलता येते. हे दोन आकडे भगताच्या देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर लिहिलेले असावेत, आणि ते त्याच्याच हातून लिहून घ्यावेत.